सूर द्यायचा मान

गुरुदत्त टिपणीस सूर द्यायचे. म्हणजे काय ते आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला म्हाताऱ्याचं रडगाणं वाटेल. साहेबी वाद्यांचा मेळ बसला, की वाजवायला लागण्याआधी सगळे गप्प होतात आणि ओबोवाला एक लांब स्वर धरतो. बाकीचे त्या स्वराला आपापलं वाद्य लावून घेतात. ओबोवाल्याला कुणी विचारत नाही, की बाबा रे, तुझा तरी बरोबर आहे का? तो देईल तो बरोबर. आपल्याकडे तंबोऱ्याला जो मान, तो तिकडे या माणसाला. कोलकात्यातल्या पाच जणांच्या एका पंचकात हा मान टिपणिसांकडे इतकी वर्षं होता, की तो आपला हक्कच आहे असं त्यांना वाटायला लागलं होतं.

ओबो म्हणजे सनईची गोरी चुलतबहीण म्हणा. वेळूची दोन पातळ पाती दोऱ्यानं एकत्र बांधायची, ती पत्ती ओठांत धरायची आणि फुंकायचं. आणि पत्ती काही दुकानातून आणून लावता येत नाही. ज्यानं त्यानं आपल्या तोंडाच्या मापानं ती तासावी लागते. टिपणीस रोज सकाळी चहा झाला, की जेवणाच्या टेबलावर चाकू घेऊन बसायचे, आणि त्यांच्या पत्नी शैलाताई त्या बारीक भुशावरून रोज त्यांच्याशी भांडायच्या.

त्यांचे वडील नागपूरहून सर्वेक्षण खात्यात बदलून आले आणि परत बदली मागायची राहूनच गेली. गुरुदत्त कोलकात्याच्या बेहाला भागात जन्मले, बेहाल्यातच पाद्र्यांच्या शाळेत गेले. शाळेच्या कपाटात एक ओबो धूळ खात पडला होता. तो बदकासारखा वाजतो म्हणून कुणी पोरगा हात लावत नव्हता. यानं लावला. पुढे विमा कंपनीत नोकरी केली, फायली हाताळल्या, निवृत्त झाले; पण कुणी विचारलं तर ‘मी ओबो वाजवतो’ एवढंच सांगायचे. कोलकात्यातल्या मराठी मंडळींना त्याचं काय कौतुक! कुणाच्या घरी लग्न निघालं, की हमखास फोन यायचा, ‘गुरुदत्त, तुझं ते सनईसारखं घेऊन ये रे, मंगलाष्टकांच्या आधी जरा वाजव.’ टिपणिसांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. जन्मभर उरापोटी फुंकलं आणि आपल्याच माणसांना ते काय आहे हे कळलं नाही, हा सल त्यांच्या मनातून कधी गेला नाही.

दर रविवारी सकाळी ते बसनं माझेरहाटला यायचे आणि तिथून गंगेकाठच्या सर्क्युलर रेल्वेनं बागबाजारला. तिथे सौमेंद्र लाहिरीच्या दिवाणखान्यात तालीम असे. लाहिरी फ्लूट वाजवायचा आणि पंचक त्याचंच. तरुणपणी लंडनला थोडे दिवस शिकून आला होता आणि तेवढ्या भांडवलावर त्यानं उरलेलं आयुष्य रेटलं. टिपणीस दारात दिसले, की दर रविवारी बंगाल लुटायला आलेल्या मराठा स्वारांवरचा तोच विनोद करायचा, ‘आला बर्गी! अहो, तुमच्या भीतीनं आमच्या पूर्वजांनी इथूनच खंदक खणायला घेतला होता.’ टिपणीसही दर रविवारी हसायचे. बासून नावाचं खर्जातलं उंचच उंच वाद्य ॲग्नेस मंडल वाजवायची. ती शाळेत संगीत शिकवायची आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. हॉर्नवर सुभेदार थापा. बराकपूरला सैन्याच्या बँडमध्ये हयात घालवलेला माणूस, बोलला तर दिवसाचं एक वाक्य.

आणि क्लॅरिनेटवर नईम. त्याच्या मामाचा महात्मा गांधी रोडवर लग्नाचा बँड. लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर तुरा. आधीचा क्लॅरिनेटवाला मुलाकडे कॅनडात गेला, तेव्हा लाहिरी महिनोन्‌महिने माणूस शोधत होता. एकदा वरातीत अडकलेल्या टॅक्सीत बसून त्यानं नईमला ऐकलं आणि तिथेच उतरून त्याचा पत्ता घेतला. हात सोन्याचा होता, पण लिहिलेलं संगीत वाचता येत नव्हतं. ते टिपणिसांनी शिकवलं, स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर, पत्तीचा भुसा बाजूला सारून. शैलाताई त्याला पोहे द्यायच्या. त्याला त्यांची लसणाची चटणी इतकी आवडायची, की पुढे त्या वर्षाकाठी एक बरणी खास त्याच्या नावानं भरायला लागल्या.

कार्यक्रमाआधी लाहिरी पाचही जणांची ओळख वाचून दाखवायचा. स्वतःचं लंडन आधी, मग टिपणिसांची पाद्र्यांची शाळा, मग सैन्य, मग ॲग्नेसच्या पदव्या. नईमची पाळी आली, की म्हणायचा, ‘घराण्यातच संगीत आहे.’ बँडचं नाव काढायचं नाही, असं ठरलंच होतं. नईमला विचारलं कुणी नव्हतं. तो आपला ओळख चालू असताना मान खाली घालून क्लॅरिनेटच्या चाव्या पुसत बसायचा.

बरं, हे सगळं सुरळीत चाललं होतं; पण टिपणिसांचे पुढचे दात हलायला लागले. ओबो वाजवताना ओठ आत दातांवर दुमडून पत्ती पकडायची असते. दात गेले म्हणजे पकडच गेली. बेहाल्याच्या डॉक्टरनं वरचे चार काढून कवळी बसवली आणि ‘आता ऊससुद्धा खा’ म्हणून पाठवून दिलं. ऊस कुणाला खायचा होता? कवळी फुंकताना सरकायची. तेव्हा टिपणिसांनी काय केलं, पत्ती जरा पातळ तासली. पातळ पत्तीला जोर कमी लागतो. पण ती ढिली पडते आणि सूर खाली उतरतो. आधी केसभर, मग आणखी केसभर. शैलाताई म्हणाल्या, ‘अहो, लाहिरींना सांगून टाका ना. वय झालं, दात पडले, यात लाज कसली?’ टिपणीस त्यांच्यावर खेकसले. लाज नव्हती हो, भीती होती. सांगितलं असतं तर खुर्ची गेली असती, आणि खुर्ची गेली असती तर गुरुदत्त टिपणीस म्हणजे विमा कंपनीतून निवृत्त झालेला एक बोळका म्हातारा, एवढंच उरलं असतं.

आणि गंमत बघा, पंचकात कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. सूर तेच देत होते ना! ते उतरले की त्यांच्यामागोमाग सगळे उतरायचे. लाहिरी फ्लूटचा सांधा जरा बाहेर ओढायचा, थापा हॉर्नची नळी ओढायचा, ॲग्नेस काहीतरी जुळवून घ्यायची. अख्खं पंचक एका माणसाच्या कवळीबरोबर वर्षभर खाली घसरत होतं आणि झकास वाजतंय म्हणून एकमेकांची पाठ थोपटत होतं.

एका रविवारी नईमच्या पेटीत टिपणिसांना एक जास्तीचा तुकडा दिसला. क्लॅरिनेटच्या तोंडाखाली बोटभर लाकडी नळा असतो, त्याला बॅरल म्हणतात. तो लांब असला की सूर उतरतो. नईमकडे नेहमीचा काळा बॅरल होताच, आणि शेजारी हा नव्या लाकडाचा, किंचित लांब, लाकूड कातणाऱ्या खराद्याकडून करून घेतलेला. टिपणिसांनी विचारलं, हे काय रे? नईम म्हणाला, ‘उन्हाळ्यात वाद्य चढतं ना, गुरुदा.’ टिपणिसांनी मान हलवली आणि विषय डोक्यातून काढून टाकला.

मग यामिनी बर्वे आल्या. मुंबईच्या पियानोवादक, मोठं नाव. तिकडच्या एका संस्थेसाठी त्या वाद्यवृंद निवडत होत्या. लाहिरीच्या पंचकाबरोबर कोलकात्यात एक कार्यक्रम करायचा आणि जमलं तर हिवाळ्यात सगळ्यांना मुंबई-पुण्याला न्यायचं, असं ठरलं. टिपणिसांची तर झोपच उडाली. मुंबई, पुणे! सभागृहात मराठी माणसं बसणार, गुरुदत्त टिपणीस हे मराठी नाव वाचलं जाणार, आणि सगळे थांबणार त्यांच्या एका स्वरासाठी. सनईसारखं काहीतरी म्हणणाऱ्यांना एकदा कळणार. त्यांनी शैलाताईंना नवं जाकीट शिवायला कापडसुद्धा आणायला लावलं.

पण पियानो कुणासाठी घसरत नाही. पियानो असला, की ओबोवाला त्याच्याकडून स्वर घेतो आणि मग इतरांना देतो. टिपणिसांनी कवळीवर ओठ घट्ट दाबून, मानेच्या शिरा ताणून तो स्वर पियानोला कसाबसा नेऊन भिडवला. सगळ्यांनी घेतला. पहिला जलद भाग निभावला. शेवटाकडे मात्र ओठ थकले, पत्ती भिजून ढिली पडली आणि आपण उतरतोय हे त्यांचं त्यांना कळायला लागलं. पुढचा भाग संथ होता. त्याच्या सुरुवातीला फक्त ओबो आणि क्लॅरिनेट, एकच चाल, एक वर एक खाली.

दोन भागांच्या मधे क्षणभर शांतता असते. त्या शांततेत नईम वाकला, काळा बॅरल काढून लांब बॅरल चढवला आणि सरळ बसला. पहिल्या रांगेनं ते पाहिलं. लाहिरीनं पाहिलं. पियानोमागून यामिनीबाईंनीही पाहिलं.

संथ भाग सुरू झाला आणि टिपणिसांच्या जिवात जीव आला. क्लॅरिनेट त्यांच्या खालून इतकं बरोबर, इतकं मऊ वाजत होतं, की त्यांना वाटलं, सावरलो आपण! त्या ओळी त्यांनी अगदी मन लावून वाजवल्या, खोटं कशाला बोला. आणि मग पियानो आला. भाताच्या घासात खडा लागावा तसा आला. वर पियानो, खाली हे दोघं, आणि मधे ती घाणेरडी फट. सभागृहात कुणीतरी खोकलं. यामिनीबाईंनी मान वर केली आणि थेट नईमकडे बघितलं.

कार्यक्रमानंतर त्या सगळ्यांशी हसून बोलल्या, पण चहाला थांबल्या नाहीत. दोन दिवसांनी लाहिरीला निरोप आला, की पुढेमागे बघू. म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही कळतं.

रविवारी बागबाजारला तालीम झालीच नाही, न्यायनिवाडा झाला. लाहिरी खोलीत येरझारा घालत होता. ऐन कार्यक्रमात कुणी बॅरल बदलतं का? हा काय तमाशा? मग हळूहळू पोटातलं ओठावर आलं. शेवटी रस्त्यावर वाजवणारा कान तो, ट्रकच्या भोंग्याशी जुळवून घेणारा. आपणच डोक्यावर चढवून ठेवला. घराण्यात संगीत म्हणे! ॲग्नेस खिडकीबाहेर बघत होती. थापा बुटांकडे बघत होता. नईम कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होता. तो फक्त टिपणिसांकडे बघत होता.

लाहिरी त्यांच्यासमोर येऊन थांबला.

‘गुरुदा, तुम्ही त्याच्या शेजारी बसता. सूर तुम्ही देता. आता तुम्हीच सांगा, म्हणजे उगाच कुणावर अन्याय नको. नईम उतरला होता की नाही?’

एवढंच तर बोलायचं होतं, की बाबांनो, मी उतरलो, माझे दात गेलेत. चार शब्दांचं काम. जीभ कवळीला लागली. ती तेवढ्यातही जरा सरकली.

‘उतरला होता,’ टिपणीस म्हणाले.

खोटं बोलले का? छे, एक अक्षर खोटं नव्हतं. उतरलाच होता तो. असल्या खऱ्याचं काय करायचं ते तुम्हीच बघा. नईमनं क्लॅरिनेट सुटं केलं, एकेक तुकडा आतून पुसला, पेटीत ठेवला, लाहिरीला नमस्कार केला आणि जिना उतरून गेला. त्याच्यामागे लाहिरीनं चहा मागवला.

घरी शैलाताईंनी विचारलं, आज नईम आला होता का, चटणी केलीये. टिपणीस म्हणाले, त्यानं पंचक सोडलं. सोडलं की काढलं, त्यांनी विचारलं. एकच ते, टिपणीस म्हणाले.

‘आणि तुम्ही दातांचं सांगितलंत?’

टिपणिसांनी पेपर उघडला. संसार केलेल्या बायकांना नवऱ्याची पाठ वाचता येते, पेपराआडून तोंड दिसायची गरज नसते. त्या दिवसापासून त्यांनी टेबलावरच्या भुशाबद्दल भांडायचं सोडून दिलं. टिपणिसांना ते भांडणापेक्षा जड गेलं.

लग्नसराई सुरू झाली, तेव्हा एका दुपारी शैलाताईंनी चटणीची बरणी कापडात बांधून नवऱ्याच्या हातात दिली. त्याच्या नावाची आहे, देऊन या, म्हणाल्या.

महात्मा गांधी रोडवर बँडवाल्यांची दुकानं ओळीनं आहेत. नईम मामाच्या दुकानाबाहेर बाकावर बसला होता. अंगात लाल कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. टिपणिसांना बघून तो उठला आणि त्यांना बसायला जागा दिली. बरणी घेतली. भाभींना सांगा मिळाली म्हणून, असं बोलला.

टिपणिसांनी विचारलं, की त्या दिवशी बॅरल का बदललास?

नईम म्हणाला, कारण तुम्ही उतरत होता. वर्षभर उतरत होता. बाकीच्यांचं नळी ओढून भागलं. माझं वाद्य जास्त ओढलं की आतल्या आतच बिघडतं, म्हणून खराद्याकडून बॅरल करून घेतला. तुमच्या दातांचं मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं, गुरुदा. आमच्या मामाचेही असेच गेले.

‘मग मला बोलला का नाहीस?’

नईमला या प्रश्नाचं नवल वाटलं. बँडची रीत त्यानं साध्या शब्दांत सांगितली. वरातीत पुढचा उस्ताद घसरला तर मागच्या सगळ्यांनी घसरायचं. सगळे मिळून घसरले तर लोकांना वाटतं, चालच अशी आहे. उस्ताद एकटा पडला तर लोक हसतात. शेजारचा बरोबर वाजवत राहिला आणि उस्तादाला उघडं पाडलं, तर त्या माणसाशेजारी पुन्हा कुणी उभं राहत नाही.

‘तिथे पियानो होता, एवढं मी विसरलो,’ तो म्हणाला. ‘पियानो काही आपल्यातला नव्हता.’

टिपणिसांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, मी लाहिरीला सांगतो, उद्याच सांगतो. नईमनं कोटाच्या खिशातून तो लांब बॅरल काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

‘हा घेऊन जा, माझ्या आता कामाचा नाही. आणि लाहिरीसाहेबांना काही सांगू नका. त्या रविवारी बागबाजारला तुम्ही सूर दिलात, सगळ्यांनी घेतला. रोजच्यासारखा.’

आतून मामानं हाक मारली. नईमनं डोक्यावर तुरा चढवला आणि तो माणसांच्या ओळीत जाऊन उभा राहिला.

टिपणिसांनी लाहिरीला सांगितलं का? नाही सांगितलं. वाटभर वाक्यं जुळवली. रविवारी बागबाजारला उतरेपर्यंत ती तोंडात होती. दिवाणखान्यात पाऊल टाकलं तर नईमच्या खुर्चीवर नवा मुलगा बसलेला, अर्णव सेन, परदेशातून पदवी घेऊन नुकताच आलेला. लाहिरी आनंदानं त्याची ओळख करून देत होता आणि या खेपेला काहीही झाकावं लागत नव्हतं. टिपणीस आपल्या जागी बसले. वाक्यं गिळली.

सगळे गप्प झाले. टिपणिसांनी ओठ दाबून स्वर धरला. लाहिरीनं घेतला, ॲग्नेसनं घेतला, थापानं घेतला. अर्णवनं दोनदा वाजवून पाहिला, कपाळाला आठी घातली, सांधा ओढला, पुन्हा वाजवला. पोरगा सभ्य होता.

तोच संथ भाग काढला. ओबो आणि क्लॅरिनेट, एकच चाल. चार ओळी झाल्या आणि टिपणिसांचा सूर नेहमीसारखा खाली सरकायला लागला. त्यांनी सवयीनं खालच्या आवाजाची वाट पाहिली. कुणी आलं नाही. अर्णव जिथे होता तिथे स्वच्छ, सरळ वाजवत राहिला. आपण काय वाजवतो ते टिपणिसांनी वर्षभरात पहिल्यांदा ऐकलं. बदकासारखं वाजत होतं.

थापानं हॉर्न मांडीवर ठेवला. आधी तो टिपणिसांकडे बघत राहिला आणि मग दाराकडे, जिथून नईम गेला होता. त्या दिवसाचं वाक्यही त्यानं खर्च केलं नाही. ॲग्नेसनं मान खाली घातली. लाहिरीचा चेहरा बदलत गेला. त्याला सगळं कळलं हे सगळ्यांना दिसलं. पण नईमचं नाव त्याच्या तोंडून निघालं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. नाव काढलं असतं तर जिना उतरून महात्मा गांधी रोडला जावं लागलं असतं.

‘गुरुदा,’ तो अगदी गोड आवाजात म्हणाला, ‘तुम्ही दमला असाल. आजपासून असं करू, सूर आपण मोबाइलवरून घेत जाऊ.’

अर्णवनं मोबाइल स्टँडवर ठेवला आणि बोटानं दाबला. त्यातून एक सपाट, न थकणारा स्वर यायला लागला. चौघांनी तो घेतला. मग ते टिपणिसांसाठी थांबले. त्यांनी खिशातला हात बाहेर काढला, मुठीतला लाकडी तुकडा तसाच खिशात राहू दिला, कवळी अंगठ्यानं वर दाबून बसवली आणि तो स्वर गाठायचा प्रयत्न करायला लागले.